पाहणीच्या वेळी वस्ती आढळली नाही

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी ती वेगळ्या तऱ्हेने रचली असती. कारण यात चूक आमच्याच माणसाची आहे, आणि घरातल्या माणसाची चूक कोणी हौसेने चारचौघांत मांडत नाही. माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत हे घडलं. त्यांनी मला ते दोनदा सांगितलं, पंधरा वर्षांच्या अंतराने. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

साल १९७३. फाल्गुन महिना. पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे डोंगराच्या पोटातली एक वस्ती.

वेळ रात्रीची नव्हती... भरदुपारची होती.

काकांचं नाव रंगनाथ. सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. दुष्काळाचे दिवस. त्या वस्तीच्या खालच्या अंगाला तलावाचा बांध घालायचा होता आणि अख्खी वस्ती पाण्याखाली जाणार होती. घर केवढं, कशाचं, किती जुनं, आत कोण राहतं, हे डोळ्यांनी बघायचं आणि त्याची किंमत ठरवायची, हे काकांचं काम.

यात एक गोम होती. ज्या घरात वस्ती, त्या घराला नव्या गावठाणात जागा मिळणार. ज्यात वस्ती नाही त्याला जागा नाही. नुसत्या दगडा-लाकडाची भरपाई, की संपलं.

काका तसे सरळ माणूस. कर्जतला असताना एका पुढाऱ्याच्या गोठ्याला घर लिहायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्यांच्या हाताखालची माणसं हे कौतुकाने सांगायची.

म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

त्या दिवशी वस्तीतली निम्मी घरं कुलूपबंद होती. माणसं ऊसतोडीला कोपरगावाकडे गेलेली. काकांनी शेजारीपाजारी विचारून त्या प्रत्येक घराची माणसं नोंदवली. कुलूप दिसलं म्हणून घर ओसाड लिहिलं नाही. शेवटचं घर ओढ्याच्या कडेला होतं. दोन खणांचं, मातीच्या माळवदाचं. छताला लाकडी तुळया, त्यांवर हातभर जाडीची पांढरी माती.

त्या घराचं दार उघडं होतं.

उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. भागूबाई तिचं नाव. मुलगा गोरक्षनाथ आणि सून टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेले, ही मागे घर राखायला. कानाने कमी ऐकायची. काकांनी टेप लावून घर मोजलं, तोवर ती आतून तांब्याभर पाणी घेऊन आली. त्या साली पाणी मैलभरावरून आणावं लागे. काका ते घटाघटा प्यायले.

म्हातारी त्यांच्या वहीकडे बघत होती.

"सायेब, माझं नाव लिवलं का?"

"लिहिलं, आजी."

आणि त्यांनी खरंच लिहिलं होतं. पेन्सिलीने, फील्डबुकात.

दुपारचं जेवण श्रीमंत नावाच्या माणसाकडे होतं. वस्तीतला वजनदार माणूस, वरपर्यंत ओळखी. त्याच्या धाकट्या मुलाला नव्या गावठाणात वेगळी जागा हवी होती, ती पण सडकेच्या कडेची. जागा मोजक्याच. एक घर कमी झालं तरच ते जमणार होतं. श्रीमंतने पैशाची गोष्टच काढली नाही. तो एवढंच म्हणाला की म्हातारी काय, आज ना उद्या लेकीकडे जाईल, पोरगा तर सहा महिने परमुलखात. आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, साहेबांचं बिऱ्हाड नगरला ना? बदली हवी आहे असं ऐकलं.

काकांची बायको, आमच्या साळूकाकू, आणि सहा वर्षांची राही नगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. काका आठवडाभर तंबूत. बदलीसाठी दोन वर्षं अर्ज करून थकले होते.

संध्याकाळी पक्की प्रत करताना त्यांनी भागूबाईच्या घरापुढे लिहिलं...

घर पडीक. वस्ती नाही.

पंचांनी अंगठे उठवले. महिन्याभरात काकांची बदली नगरला झाली.

पुढचं सगळं घाईघाईने झालं. बांधाचं काम लागलं. घरं रिकामी करायच्या नोटिसा निघाल्या, पण त्या वस्ती असलेल्या घरांच्या दारावर डकवल्या गेल्या. भागूबाईच्या दारावर काहीच लागलं नाही. कागदावर तिथे कोणी राहतच नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी मजूर माळवदाच्या तुळया काढायला आले. यादीत बघितलं. पडीक. दार लोटलेलं होतं. कोणी आत डोकावलं नाही. भागूबाई तीन दिवस तापाने आतल्या खणात पडून होती.

पहारीचे घाव तिला ऐकू आले असतील की नाही, देव जाणे.

तुळई निघाली. माती खाली आली. मजुरांनी लाकूड गाडीत भरलं आणि पुढच्या घराकडे गेले.

म्हातारी दिसेना, तेव्हा सगळ्यांना वाटलं लेकीकडे गेली असेल. वैशाखात गोरक्षनाथ ऊसतोडीहून परत आला. आधी बहिणीकडे जाऊन आला. आई तिथे नव्हती. मग तो त्या ढिगाऱ्यावर गेला, आणि कोणाला न विचारता हाताने माती उपसायला बसला.

दिवस मावळायच्या आत त्याला आई सापडली.

त्याने अर्ज केला. चौकशी लागली. जुलै महिन्यात नगरच्या कचेरीत काकांच्या टेबलावर एका प्रश्नाचा कागद आला. पाहणीच्या वेळी सदर घरात कोणी राहत होते काय?

काका दोन दिवस झोपले नाहीत. म्हातारी मेल्याचं त्यांना त्या कागदावरूनच कळलं होतं. तांब्यातल्या पाण्याची चव तोंडात येत होती, असं ते म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबांनी बोलावलं आणि समजुतीने सांगितलं, एक ओळ लिहून द्या, म्हातारी पडक्या घरात आसऱ्याला शिरली असं होईल, विषय मिटेल. नाही तर तुमची नोकरी जाईल, माझी पण.

काकांनी लिहून दिलं.

पाहणीच्या वेळी वस्ती आढळली नाही.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पुढे काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा सगळं माहीत होतं.

त्याच दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले. माळीवाड्याकडच्या गल्लीत घर. कचेरीपासून दहा मिनिटांवर. काकूंनी ताट वाढलं. काकांनी भाताला हात घातला आणि थांबले.

भातावर काहीतरी बारीक पडत होतं...

चाळणीतून पीठ पडावं तशी माती. पांढरी.

त्यांनी वर बघितलं. वर पत्रे होते. नुसते पत्रे.

काकूंना ती दिसली नाही. त्या म्हणाल्या, भात गार होतोय.

दोन दिवसांनी गवळी दूध घालायचा बंद झाला. आणखी चार दिवसांनी काकांनी त्याला रस्त्यात गाठलं. तो म्हणाला, दादा, चार दिवस तुमच्या घराला कुलूप बघतोय, दूध कुठे ठेवू? काका म्हणाले, घरात बायको असते. गवळी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

काकूंनी सांगितलं की त्या रोज दारात पातेलं घेऊन उभ्या असतात. गवळी समोरून जातो. हाक मारली तरी वळत नाही.

मग नळावर तसंच व्हायला लागलं. रांगेत काकूंच्या पुढ्यात बायका हंडे आणून ठेवायच्या. भांडण काढावं तर कोणी उत्तरच देईना. शेजारच्या बनुबाईने तर एकदा सरळ त्यांच्या पायावर हंडा ठेवला आणि पाण्याची वाट बघत उभी राहिली. काकू रडत घरी आल्या. त्यांना वाटलं आळीने त्यांना वाळीत टाकलं.

काकांना मात्र सगळे ओळखत होते. रस्त्यात नमस्कार करत होते. कचेरीत चहा येत होता. एकदा शिपाई सहज म्हणाला, साहेब, एकटा जीव तुमचा, डबा लावून का घेत नाही?

"एकटा कसा? माझं बिऱ्हाड आहे इथे."

शिपाई हसला. साहेब थट्टा करतात असं त्याला वाटलं.

काकूंना काकांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

मग राहीची गोष्ट कळली.

ती पहिलीत होती. शाळा गल्लीच्या टोकाला. एका संध्याकाळी ती म्हणाली, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही. का, तर बाई माझी हजेरी घेत नाहीत. काका दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाईंनी हजेरीपट उघडून दाखवला. अकरा दिवस राहीच्या नावापुढे गैरहजर.

बाई काळजीने म्हणाल्या, मुलगी आजारी आहे का?

काकांनी वर्गात नजर टाकली. राही दुसऱ्या रांगेत बसली होती. पाटी मांडीवर. शेजारच्या मुलीने आपलं दप्तर तिच्या अंगावरच टाकलेलं होतं.

बाईंनी नाव पुकारलं.

राहीने हात वर केला. "हजर, बाई." ती दोनदा म्हणाली.

बाई म्हणाल्या, "बघा. नाहीच आलेली."

काकांनी लेकीला उचललं आणि घरी आणलं. वाटेत तिचं वजन लागत होतं, एवढंच त्यांना बरं वाटलं. घरी आल्यावर त्यांनी दार लावलं आणि दोघींना सांगितलं की आता बाहेर पडायचं नाही. काकूंनी कारण विचारलं. त्यांनी खिडकीही लावून घेतली.

त्या रात्री काही झालं नाही. रात्री कधीच काही झालं नाही, हे काका मुद्दाम सांगायचे.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले खरे, पण मन लागेना. दुपारी बारालाच उठून घरी आले.

दार लोटलेलं होतं.

आत चूल थंड होती. भिंतीवरचा राहीचा फ्रॉक नव्हता. काकूंची साडी दोरीवर नव्हती. जमिनीवर पांढरी माती पसरलेली, आणि तीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"साळू," त्यांनी हाक मारली.

कोणी नाही.

ते आतल्या खोलीत गेले. बाहेर आले. परत आत गेले. आणि मग अगदी जवळून... कमरेएवढ्या उंचीवरून... आवाज आला.

"अप्पा, तुम्ही आमच्याकडे बघत का नाही?"

राहीचा आवाज होता.

काकांनी हात पुढे केले. हाताला काहीच लागलं नाही.

"राही, कुठे आहेस तू?"

"इथंच आहे. आई पण आहे. आई तुम्हाला केव्हाची हलवतीय."

काका चारही बाजूंना चाचपडत राहिले, आंधळ्यासारखे. भिंत लागत होती, खुंटी लागत होती. माणूस लागत नव्हतं.

तेवढ्यात दाराकडे उजेड कमी झाला.

त्यांनी वळून बघितलं...

उंबऱ्यावर भागूबाई बसली होती. त्यांच्याकडे पाठ करून. केसांत माती, खांद्यांवर माती. ती हलत नव्हती. श्वास घेताना पाठ हलते, तेवढीही हलत नव्हती.

"ये बाबा," ती म्हणाली. "पाहनी करून घे."

काका दोन्ही हात तसेच पुढे धरून उभे होते.

"हाय का वस्ती?"

"आहे," काका कसेबसे म्हणाले. "माझी बायको आहे. मुलगी आहे."

"मला तर कुनी दिसंना."

"आजी, त्या आहेत. आता मुलगी बोलली माझ्याशी."

"मी बी बोल्ले हुते की तुज्याशी. पानी दिल्तं." म्हातारीचा आवाज चढला नाही. ती दळण दळताना बोलावं तशी बोलत होती. "कागदावर न्हाई, त्ये मानूस कुटं असतंय? तूच दोनदा लिवलंस."

मागे राही रडायला लागली होती. पण तिचं रडणं आता खोलीतून येत नव्हतं. लांबून येत होतं. मातीच्या थराखालून यावं तसं.

काकांनी कपाटावरचे कागद ओढले. टाक सापडेना. पेन्सिल सापडली. जमिनीवर त्या मातीतच बसून ते लिहायला लागले. पहिली ओळ तीनदा खोडली. मग लिहिलं. पाहणीच्या दिवशी त्या घरात भागूबाई राहत होती. मी तिला पाहिलं. तिच्या हातचं पाणी प्यालो. तिचं नाव लिहिलं, आणि मग श्रीमंतच्या घरी बसून ते गाळलं. बदलीसाठी गाळलं. ती मेल्याचं कळल्यावरही खोटं लिहून दिलं. तिच्या मरणाला मी कारण आहे.

शेवटच्या ओळीला राहीचा आवाज थांबला.

काकांनी सही केली.

घरात काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना वर मान करायचं धाडस होईना.

"जेवायचं नाही का?"

काकू समोर उभ्या होत्या. हातात ताट. चूल पेटलेली होती. त्या म्हणाल्या, मघापासून हाका मारतेय, तुम्ही आपले भिंती चाचपत फिरताय, मग मेलं लिहायलाच बसलात. राही कोपऱ्यात गाढ झोपली होती. तिच्या गालावर अश्रू वाळलेले.

काका जेवले नाहीत. कागद घेऊन तसेच कचेरीत गेले. साहेबांनी वाचला. त्यांचा चेहरा उतरला. फाडून टाका, ते म्हणाले, अजून कोणी बघितलेलं नाही. आणि मग कपाळाला आठी घालून विचारलं...

"हा खाली अंगठा कोणाचा घेतलात?"

काकांच्या सहीखाली एक अंगठा होता. शाईचा नव्हता. मातीचा होता.

काकांनी साहेबांच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः कलेक्टर कचेरीत नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्याने दारात हाक दिली, आणि काकूंनी पातेलं पुढे केलं तेव्हा तो म्हणाला, वहिनी, गावाला गेला होतात काय?

काकांची नोकरी गेली. खटलाही झाला. श्रीमंतच्या धाकट्या मुलाची जागा रद्द होऊन गोरक्षनाथला मिळाली. तो घराचा पाया भरत होता तेव्हा काका त्याला भेटायला गेले. पाय धरावेत असं मनात होतं. गोरक्षनाथने पाय धरू दिले नाहीत. बसाही म्हणाला नाही.

काकांनी त्याला त्या कागदाची नक्कल दाखवली. ती हाताने केलेली नव्हती, फोटो काढून केलेली होती. त्यात अंगठा स्पष्ट उमटला होता, आणि अंगठ्याच्या मधोमध एक आडवी चीर होती.

गोरक्षनाथ खाली बसला आणि त्याने त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"आईचा हाय," तो म्हणाला. "खुरप्यानं कापल्तं. मी ल्हान हुतो तवा."

काका रडायला लागले. त्यांना वाटलं, म्हातारीने आपल्याला सोडलं.

"आसं समजू नका," गोरक्षनाथ म्हणाला. "ती तिचं नाव लिवून घ्यायाला आल्ती. माफ कराया न्हाई."

मग तो पाया भरायला उठला.

त्यानंतर काका आमच्याकडे गावी येऊन राहिले. शेती केली. एकोणीसशे चौऱ्याण्णवला साध्या आजाराने गेले. त्यांना पुन्हा काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. ते गेले ती तेवीस एप्रिलची दुपार होती. क्रियाकर्म सगळं व्यवस्थित पार पडलं. मला वाटायचं गोष्ट इथे संपली.

पण गेल्या वर्षी राहीताई माझ्याकडे आली होती. आता तिला नातवंडं आहेत. बोलता बोलता हा विषय निघाला, आणि तिने एक गोष्ट सांगितली. तिने ती वडिलांना कधीच सांगितली नव्हती. आईलाही नाही.

त्या दुपारी अप्पा चाचपडत होते, तेव्हा ती घाबरून रडत होती. थोड्या वेळाने तिला कोणीतरी उचलून मांडीवर घेतलं. एक म्हातारी. तिच्या अंगाला मातीचा वास येत होता. तिने राहीचे डोळे पुसले, केसांतून हात फिरवला, आणि कानाशी हळूच म्हणाली...

"तुज्या बापानं लिवलं न्हाई, तर तू माज्यापाशीच ऱ्हा."

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

राहीताईने चष्मा काढून ठेवला.

"मी हो म्हणाले रे," ती म्हणाली. "सहा वर्षांची होते. ती मायेनं बोलली, मी हो म्हणाले. नंतर अप्पांनी लिहिलं. पण मी शब्द दिला होता ना."

दुपारचे साडेबारा वाजले होते. मुलं शाळेत, बायको बाजारात. घरात आम्ही दोघंच होतो आणि पंखासुद्धा बंद होता.

राहीताई एकदम ताठ बसली. मान दाराकडे वळवली, कोणीतरी हाक मारावी तशी.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिने हळूच "ओ" दिली.